मेजरला पक्कं शिकवलं

…आन् वर लोक मलाच हसतात! ‘मास्तर, तुमच्याच चेल्यानं तुम्हाला दारात अडवलं म्हणं!’ हसा, हसा! आवं, पंधरा वर्सं फौजेत कुत्र्यांच्या पलटणीत काढली, पंचाहत्तरला पेन्शनीत दौंडला आलो, म्हटलं हातात एकच इद्या हाय, लोकांची कुत्री शिकवू. तुम्हाला सांगतो, ह्या धंद्यात कुत्र्याचा तरास न्हाई वं, कुत्रं चार महिन्यांत शिकतंय… माणसं जीव लावतात, आन् तिथं समदा घोळ होतो. आता दोष कुणाला द्यायचा? कुत्र्याला?

वरवंडला सडकेकडंला मारुतराव पाटलाची वस्ती. मोसंबीची बाग, आन् चोर असले हावरट की फळ पिकायची वाट बी बघंनात! मला बोलवून घेतलं, वर्साचं एक दांडगं कुत्रं पुढ्यात उभं केलं, म्हणाले, ‘मास्तर, ह्येचं नाव मेजर.’ घ्या! मी लान्स नाईक म्हणून सुटलेला, आन् माझा चेला मेजर! रोज सकाळी मनातल्या मनात मीच त्येला सॅल्यूट मारायचो.

मारुतराव माणूस सोन्यासारखा, पर घरात चालतं म्हातारीचं, त्येंच्या आईचं, पुतळाबाईचं. आमी बौद्ध, ती पाटलाची माणसं. माझा चहा वट्ट्यावर, कानतुटक्या येगळ्या कपात, आन् त्यो बी म्हातारी वरनं वतणार… हां, चांगली हातभर लांबनं! मला काय नवं न्हवतं. मेजर मात्र चुलीपर्यंत जायचा, त्येला कुणी जात इचारली न्हाई.

आता आमच्या कामाची एक रीत हाय, फौजेतली. शिकवून संपत आलं की शिकवणाऱ्यानं आन् मालकानं आठ दिस मांडीला मांडी लावून जेवायचं, कुत्रं मधी. मग त्येला कळतं की मालक बी आपलाच. म्हातारीला सांगितलं तर म्हणती कशी, ‘असली कसली रीत? त्यो आत जेवंल, तू भायेर जेव. कुत्र्याला काय कळतंय?’ काय कळतंय म्हंजी? मेजर उंबऱ्यात उभा! एकदा आत मारुतरावाकडं बघतोय, एकदा भायेर माझ्याकडं, आन् भाकरीला तोंड लावंना. एक दिस झाला, दोन झाले… आता मारुतराव बी जेवंनात! तिसऱ्या दिशी म्हातारी करवादली, ‘ये बाबा, ये! बस चुलीपुढं! मुक्या जिवाचा तळतळाट नगं माझ्या घराला!’ गेलो, बसलो. मेजरनं अख्खी भाकरी दोन घासात संपवली! आता गुण कुणाला द्यायचा? कुत्र्यालाच!

चौथ्या दिशी म्हातारी माझ्या बायकोची, ललिताची, चौकशी करायला लागली. सहाव्या दिशी नगं नगं म्हणताना भाकरीवर तूप! त्यो कानतुटका कप कुठं गेला, ते इचारायला मला सवड झाली न्हाई. आठव्या दिशी निघताना मारुतराव रडले, मी रडलो, म्हातारी म्हणाली चुलीचा धूर लई झालाय. खरं सांगू? एवढी माया माझ्या भावकीनं लावली न्हवती.

आन् मग रीतीचा दुसरा भाग! शिकवून झालं की शिकवणाऱ्यानं सहा महिने त्या घराकडं फिरकायचं न्हाई. कुत्र्यानं त्येला इसरलंच पायजे, न्हाईतर ते मालकाचं हुईत न्हाई. झालं! जवा भायेर बसवत होते तवा रोज जायचो, आता आत बसवाया लागले तर जायची बंदी! दोष कुणाला द्यायचा, सांगा!

मारुतराव शिरूरच्या बाजाराला येतात म्हणून मी दौंडहून यष्टीनं शिरूर गाठायचो. स्टँडपुढं हॉटेलात चहा, तंबाखू, गप्पा… तर घरी मेजर त्येंच्या सदऱ्याला माझा वास घ्यायचा आन् कण्हत बसायचा. मग? मारुतराव आधी सदरा काढून पिशवीत घालायचे आन् मग माझ्याशेजारी बसायचे, उघडेबंब! हॉटेलवाला म्हणतो, ‘पाटील, चहा सांगू का आखाड्याची लाल माती?’

भरले सहा महिने. म्हातारीचा सांगावा आला, ‘पोळ्याला पुरणपोळी खायला ये. न्हाई आलास तर जन्मात बोलू नगंस.’ नवा सदरा घालून गेलो. फाटकात मेजर! बघितलं, वास घेतला… आन् गुर्रर्र! तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली, म्हटलं काय पक्कं शिकवलंय! आन् मग ध्यानात आलं… इसरला की वं गडी मला! म्हटलं, ‘मेजर, बैठ!’ छ्या! परक्याचं ऐकायचं न्हाई, हे मीच शिकवलेलं! मारुतराव वरडले, ‘बैठ!’ बसला… पर फाटकातच. मी पाऊल उचललं की दात! मारुतराव दावं घेऊन बांधाया निघाले, तर मीच म्हटलं, ‘पाटील, नगं. बरोबर वागलेल्या कुत्र्याला बांधलं तर ते जन्माचं बिघडतंय. ऱ्हाऊ द्या, मी जातो.’

तेवढ्यात म्हातारी आली पदर खोचून, मेजरच्या अंगावर धावली, ‘आरं मुडद्या, त्यो घरातला हाय! घरातला!’

 मेजरला त्येचं काय? त्यो ढिम्म! मग म्हातारीनं काय करावं? आत गेली, पुरणपोळ्यांची दुरडी डोक्यावर घेतली, आली थेट सडकंला, माझ्याशेजारी मातीत फतकल मारली, म्हणाली, ‘बस खाली. एकाच ताटात जेवू.’ मागनं मारुतराव आमटीचं पातेलं घेऊन, त्येंच्या मागं मालकीण, पोरंबाळं… पुणं-सोलापूर सडकंच्या कडंला पंगत! यष्टी थांबली, कंडक्टर वाकून इचारतोय, ‘काय वं, घर पडलं का?’

तवापास्नं दर सणाला ह्येच! ऊन असू दे, पाऊस असू दे, समदं घर छत्र्या धरून सडकंला जेवतंय, आन् आत सोप्यात मेजर एकटा, पाय पसरून! आता म्हातारी म्हणती, ‘गौरीला ललिताला बी आन, मोठी सतरंजी हातरते.’ काय करता? जातो.

पुढच्या गिऱ्हाइकाचं कुत्रं मात्र जरा कच्चंच ठिवावं म्हणतो.