पट्टीवरच्या दोन रेघा

पेइशान : भिंतीतल्या खिळ्याचं राहू द्या, आई. माझी शिवणाची कात्री कुठंय?

सासूबाई : असेल कुठेतरी. तुला आत्ता काय कापायचंय?

पेइशान : खिळा ठोकायला घेतला तर हातातून हातोडी काढून घेतलीत. पलंग सरकवला तर केवढ्यानं ओरडलात. आणि तुमचा लेक बोयान कुठंय?

सासूबाई : मामाच्या मासळीच्या तळ्यावर. पंप बिघडलाय त्याचा.

पेइशान : मागच्या महिन्यात मामांची कंबर धरली होती. नेमके माझे मोक्याचे दिवस आले की तुमच्या भावाकडे काहीतरी मोडतं.

सासूबाई : कसले दिवस?

पेइशान : साळसूदपणा नको. मी अडतीस वर्षांची झाले, माझ्या हातात फार महिने नाहीत. सून नकोशी झाली असेल तर तोंडावर सांगा. दुसरी बघून ठेवलीय का त्याच्यासाठी?

सासूबाई : जीभ आवर, पोरी. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प बसलेय.

पेइशान : कशाचे तीन महिने?

सासूबाई : रोज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की मोरीतली पिशवी घेऊन खाली कोण पळतं? मीच ना? मागच्या महिन्यात पिशवी फाटली नि तुझी पट्टी रस्त्यावर पडली. दोन रेघा होत्या. या वेळी मोरीतच पुन्हा तशीच दिसली. माझ्या भाचीच्या पट्टीवर अशाच होत्या, तिला मुलगी झाली.

पेइशान : अरे देवा. म्हणून कात्री लपवलीत?

सासूबाई : गर्भाचा देव खोलीतच वावरत असतो. कात्री चालली, खिळा ठोकला की बाळाला लागतं. एवढंही माहेरी शिकवलं नाही तुला?

पेइशान : आणि बोयान?

सासूबाई : अशा दिवसांत बायकोपासून लांब राहा, हे आईनं लेकाला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा धाडला मामाकडे.

पेइशान : आई, ती पट्टी बाळाची नव्हती, मूल राहायचे दिवस ओळखायची होती. अंडाशयातून बीज सुटायच्या बेतात असलं की तिच्यावर दोन गडद रेघा येतात. ते खरंच सुटलं का, हे नंतर सकाळच्या तापमानावरून कळतं. अंथरुणातून उठायच्या आधी जिभेखाली धरते ना मी थर्मामीटर?

सासूबाई : मला वाटलं, तुला कणकण असते.

पेइशान : पारा चढला की बीज सुटल्याची खात्री होते, पण तोवर वेळ गेलेली असते. मागच्या महिन्यात पारा छान चढला. सगळं जागेवर होतं, फक्त तुमचा लेक घरी नव्हता.

सासूबाई : आणि मग तुला पाळी आली.

पेइशान : येणारच.

सासूबाई : मला वाटलं, गेलं बाळ. तू काही बोलली नाहीस, मग मी कशी विषय काढू? देवळात जाऊन त्याच्या नावानं उदबत्ती लावून आले. तुला तिळाच्या तेलातली कोंबडी रोज करून घातली.

पेइशान : बाळंतिणीचं जेवण. मला वाटलं, टोमणा मारताय. बाथरूममध्ये जाऊन रडायचे मी.

सासूबाई : मी ऐकायचे. म्हणून तर खात्रीच पटली. मागच्या वेळी कात्री राहू दिली होती घरात, माझ्याच चुकीनं गेलं असं घेऊन बसले होते मनात.

पेइशान : काही गेलं नव्हतं, आई. आलंच नव्हतं.

सासूबाई : या वेळची पट्टी कधीची?

पेइशान : आज सकाळची.

सासूबाई : तो फोन दे इकडे. (फोन लावून) बोयान? गाडी काढ नि घरी ये.

बोयान : आई, पंप खरंच बिघडलाय गं. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे.

सासूबाई : मामाला उतरू दे पाण्यात. त्याच्या कमरेला काही झालेलं नाही.

बोयान : तूच म्हणालीस ना, दोन-तीन दिवस येऊ नकोस? काय झालंय काय?

सासूबाई : अजून काहीच झालेलं नाही. म्हणूनच ये.