पीडितांचा आवाज, तीन मिनिटं

...आणि मूर्ख कोण, तर मी! दुसरं कुणी नाही हो, मीच! त्या भल्या माणसाला सोमवारी सकाळी सांगून बसले, "काका, बसा हं, दहा मिनिटांत तुमचा नंबर." आणि काका बोलले कधी? गुरुवारी दुपारी! बोलले म्हणजे... थांबा, सांगते.

मी तिथली माईकवाली. इतक्या देशांचे साहेब जमलेले, दहशतवादाविरुद्ध करार करायला, आणि कुणाचा माईक चालू, कुणाचा बंद, ते बटण माझ्या बोटाखाली! आमचे हे म्हणतात, "घरातला पंखा दोनवर की तीनवर हे ठरत नाही आपलं, आणि ही निघाली जगात शांतता करायला!" म्हणोत. मला बाई अभिमान!

तर सातवा विषय होता 'पीडितांचा आवाज, तीन मिनिटं'. आवाज म्हणजे हे काका. चष्म्याचं दुकान त्यांचं. बायको नव्या फ्रेमांचं पार्सल आणायला बाजारात गेली, तिथे बॉम्ब ठेवलेला... पार्सल तेवढं धड घरी आलं. बॉम्ब कुणी ठेवला यावर दोन देशांची जुंपलेली. आणि कुणी मारलं ते ठरेना, म्हणून कोण मेलं त्याचीही यादी निघेना! चार वर्षं! काका मला म्हणाले, "ताई, मला बाकी काही नको. तिचं नाव एकदा या सगळ्यांसमोर मोठ्यांदा घ्यायचंय." एक पान लिहून आणलेलं, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, घ्या की! कोण अडवतंय?

कोण अडवतंय! अहो, साहेब सहाव्या विषयातच रुतलेले. सहावा विषय काय, तर दहशतवादी म्हणायचं कुणाला! एकाने नाव घेतलं की दुसरा ताडकन उभा, "हरकत आहे! त्यांचा फोटो आमच्या चलनी नोटेवर आहे!" तीन दिवस हेच! मधे चहा. चहाबद्दल मात्र एकमत.

आणि तिथली रीत अशी, की पाहुण्याचं भाषण आधी सगळ्या देशांनी वाचायचं. एकाचीही हरकत आली की तेवढं खोडायचं. चिठ्ठी येणार सचिवबाईंकडून, आणि ती काकांपर्यंत पोचवणार कोण? ही शहाणी!

पहिली चिठ्ठी आली. 'बॉम्ब' नको, 'घटना' म्हणा. बॉम्ब म्हटलं की ठेवणारा आला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी गोड हसले. "एवढंच एक खोडा काका, मग झालंच!"

खोडलं.

मंगळवारी दुसरी. 'बाजार' नको, तो बाजार कुणाच्या हद्दीत यावर वाद आहे. "एवढंच एक, काका, मग झालंच!" दुपारी तिसरी. 'मारली गेली' कशाला? 'आता हयात नाही' म्हणा की! सचिवबाई नाकातून बोलतात, "कसं ना, ऐकायलाही बरं वाटतं..." कुणाला बरं वाटतं हो? पण मी विचारलं का? छे! मी पेन्सिल पुढे केली! वर रबरही दिलं, खाडाखोड दिसायला नको म्हणून! "एवढंच एक, काका..."

बुधवारी पानावर उरलं काय? 'नमस्कार. माझं चष्म्याचं दुकान आहे. एक घटना घडली. माझी पत्नी आता हयात नाही.' पुढे तिचं नाव, आणि 'धन्यवाद'. तीन मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर आलं. सचिवबाई खूश, "किती आटोपशीर!"

आणि गुरुवारी सकाळी शेवटची चिठ्ठी. नाव नको. नावावरून ती कोणत्या बाजूची ते कळतं.

तुम्हाला सांगते, ही चिठ्ठी मला न्यायची नव्हती. नव्हती, पण नेली! सवय हो! काका खुर्चीत ताठ बसलेले, नवीन शर्ट, चारही दिवस तोच. मी चिठ्ठी दिली. आणि तोंडातून काय निघावं? "एवढंच एक, काका, मग..." काकांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. खोडलं नाही.

सचिवबाई माझ्या कानाशी, "नाव घ्यायला लागला तर बंद करायचं. समजलं ना?"

समजलं ना! बावीस वर्षांच्या नोकरीत न समजलेलं काय आहे मला?

काका उभे राहिले. नमस्कार म्हणाले. दुकान म्हणाले. घटना म्हणाले. हयात नाही म्हणाले. मग कागद खाली ठेवला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "तिचं नाव..."

टक्.

बोट माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. ओठ हलताना दिसले, इतक्या देशांना दिसले, पण कानाला लावलेल्या भाषांतराच्या यंत्रात सगळ्यांना नुसती खरखर. आणि साहेबांना वाटलं, गळा दाटून आला! सगळेच्या सगळे उभे राहून टाळ्या! तो नोटवाला साहेब तर रुमाल काढून डोळे पुसतोय! करारावर सह्या झाल्या, एकमताने. दहशतवादी म्हणजे कोण ते पुढच्या बैठकीत ठरवायचं, असं आत लिहिलंय.

मी धावत बाहेर गेले. काका पाण्याच्या टाकीशी शांतपणे पाणी पीत उभे. माफी मागायची होती हो मला, खरंच! पण सवय ती सवय, तोंडाला येईल ते बोलले, "काका, समारोपाला एक मिनिट मौन आहे. कुणासाठी ते ठरलं नाही अजून, पण आहे. थांबता ना?"

काकांनी पेला पालथा घातला.

"थांबतो की. त्यातलं काय खोडायचंय?"