तिसरी पिन

वायरमन: थांबा काका, हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करून येतो.

बाबा: अहो, एवढं काही नाही. काल ग्लास भरताना जरा झटका बसला, इतकंच.

ताई: जरा? पार भिंतीपर्यंत फेकले गेलात. कोपर सोलवटलंय, दाखवा त्यांना.

बाबा: आमच्या धाकटीने पाठवलेलं मशीन आहे हो. गरम, गार, दोन्ही पाणी येतं. एवढी लांब राहते, पण बापाची केवढी काळजी.

ताई: ऐकलंत? सहा महिने घरात येईल त्याला हेच ऐकवतात. पेपरवाल्यालासुद्धा. रोज गोळ्या काढून हातात देते तिचं नाव नाही निघत.

वायरमन: (मागचा पत्रा उघडत) हे बघा. गरम पाण्याची टाकी झिरपतेय आणि खालची वायर भिजलीय. सगळ्या मशीनमध्ये करंट उतरत होता. पण अर्थिंग असतं ना, तर तो जमिनीत गेला असता. प्लग बघू. ही जाड पिन कुठे गेली?

ताई: कुठली?

वायरमन: तिसरी, अर्थिंगची. तुटलेली नाही ही. कोणीतरी करवतीने कापलीय.

बाबा: मीच कापली.

ताई: बाबा!

बाबा: इथलं सॉकेट दोन पिनांचं. प्लग बसेना. नवीन बसवून घे म्हणून तुला सांगणार होतो. पण मशीन आलं त्या दिवशी तुझं तोंड हे एवढं फुगलेलं. म्हटलं, कशाला विषय काढा.

ताई: म्हणजे माझ्यामुळे झालं.

बाबा: तसं कुठे म्हणतोय मी?

ताई: म्हणा. कारण महिनाभर मशीन पुसताना माझ्या बोटांना झिणझिण्या येत होत्या.

वायरमन: आणि बोलला नाहीत कोणाला?

ताई: बोलले असते तर बाबा म्हणाले असते, बहिणीचं चांगलं बघवत नाही हिला. ते काही खोटं नव्हतं. वाटायचं, एकदाचं बंद पडू दे. बाबांच्या जिवावर बेतेल, हे डोक्यातच आलं नाही.

बाबा: काय हो, दुरुस्त होईल ना?

वायरमन: टाकी आतून गंजलीय. मी तरी हात घालणार नाही. काढून टाका.

बाबा: मग वॉचमनला देऊ. गार पाण्यापुरतं वापरेल बिचारा.

वायरमन: आणि त्याच्या मुलाबाळांना झटका बसला म्हणजे?

ताई: भंगारवाल्याला बोलावते. आत्ताच्या आत्ता.

वायरमन: इतकी घाई नको ताई. तो तांब्यासाठी हातोड्याने फोडेल. या नळीत पाणी गार करणारा गॅस असतो, तो हवेत जाईल. ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या, ते गॅस नीट काढून घेतात. आज फक्त पाणी रिकामं करा. आणि ही वायर मी बुडापासून कापतो, म्हणजे वाटेत कोणी उचलून नेलं तरी लावता यायचं नाही. कापू?

बाबा: हिला विचारा.

ताई: मला कशाला? तुमच्या लेकीचं आहे.

बाबा: तूही लेकच आहेस ना?

ताई: आठवलं वाटतं आज. कापा दादा. आणि सॉकेट तीन पिनांचं बसवा, अर्थिंगसकट.

वायरमन: बसवतो. करंट गळला की आपोआप बंद होणारा ब्रेकरही लावू, तोही नाहीये तुमच्याकडे. सामान घेऊन येतो अर्ध्या तासात. तोवर मेन चालू करू नका.

बाबा: गेला. आता धाकटीला काय सांगायचं? मशीन कसं आहे, दर फोनला विचारते.

ताई: खरं ते सांगू. तुम्ही पिन कापलीत आणि मी महिनाभर गप्प बसले.

बाबा: तुझं नको सांगू.

ताई: का? तिच्यासमोर मी वाईट दिसेन म्हणून?

बाबा: गप्प का बसलीस, असं विचारेल ती.

ताई: विचारू दे. सांगेन, तुझा हेवा वाटत होता. लहानपणापासून वाटतो.

बाबा: सांगवेल तुला?

ताई: माहीत नाही.

बाबा: घे मग. लावलाय मी तिला फोन, रिंग वाजतेय.