एकशे ऐंशीत एक

...आणि वर मलाच म्हणतात, घाबरायचं काही नाही! अहो, मग लीटरभर पाणी ढोसायला लावून तासभर बाकावर का बसवता? तुम्हाला सांगते, अडतिसाव्या वर्षी दिवस गेले, तिसरा महिना, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय जास्त आहे, बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी करून घेऊ, एक सोनोग्राफी, एक रक्त, घाबरायचं काही नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई ताडकन, "गुणसूत्रं? आमच्या घराण्यात कुणाला नाही हो असलं काही!"

गेले. त्या थंडगार खोलीत पोटावर गार लगदा फासला नि सोनोग्राफीवाली म्हणाली, बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायचंय. किती? तर मिलिमीटरमध्ये! मी शिंपीण. बावीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरतेय, अर्धा इंच इकडे तिकडे शिलाईत दाबते, कुणाला पत्ता लागत नाही... आणि इथे माझंच लेकरू केसाएवढ्या मापावर! बरं, ते सरळ निजेल तर ना? बाई म्हणते खोका, मी खोकले. कुशीवर वळा, वळले. जिना चढून उतरून या! तुडुंब पोटानं जिना चढलाय का कधी कुणी? तिसऱ्या फेरीला पठ्ठ्या एकदाचा वळला. बापावर गेलाय, दुसरं काय!

मग रक्त. मग चार दिवसांनी आकडा. एकशे ऐंशीत एक.

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही नुसती चाळणी आहे हो, निदान नाही. गुणसूत्रांत दोष असण्याचा धोका थोडा जास्त दिसतोय, म्हणून रक्ताची आणखी एक बारीक तपासणी करू. दहा दिवस लागतील. घाबरायचं काही नाही." आमचे हे बस चालवतात. हे म्हणाले, "म्हणजे एकशे ऐंशी फेऱ्यांत एक पंक्चर. त्यात काय एवढं? घाबरायचं काही नाही." मी म्हटलं, त्या पंक्चरच्या फेरीत जो बसलाय ना, त्याला विचारा!

दहा दिवस... काय सांगू. एका गिऱ्हाइकाच्या झब्ब्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आणि हे? हे मजेत! जेवतायत, शीळ घालतायत, मला म्हणतायत झोप शांत. असा राग यायचा, वाटायचं, ह्या माणसाला काळीज आहे की नुसता गिअरबॉक्स?

सातव्या दिवशी सासूबाई माझ्या मशीनपाशी येऊन बसल्या. दोरा ओवून दिला. म्हणाल्या, "काही निघालंच, तर तुम्ही दोघं ठरवाल ते. मी मध्ये बोलणार नाही." आणि तुम्हाला सांगते, खरंच नाही बोलल्या! लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा! तेव्हा मात्र मी मशीन थांबवलं. म्हटलं, ह्या गप्प बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर आहे. त्या दिवशी मशीनवर डोकं टेकून रडले बघा. काय ठरवायचं हो माणसानं? ज्याचं अजून तोंड पाहिलं नाही, त्याचं?

दहाव्या दिवशी दोघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं, चष्मा लावला, काढला, पुसला... अहो बाई, वाचा! वाचलं. "चांगलं आहे. शंका घेण्यासारखं काही नाही. घाबरायचं..."

धप्प!

मागे वळून बघते तर हे जमिनीवर. आडवे. पांढरेफटक! नर्स धावली, पाय उशीवर घेतले, कपाळाला ओला रुमाल, साखरपाणी... आणि डोळे उघडल्या उघडल्या हा माणूस काय म्हणतो? "दहा रात्री डोळ्याला डोळा नाही गं."

अहो, तर मग शीळ कशाला घालत होता!

सगळा दवाखाना ह्यांच्याभोवती. "फार सोसलं हो बिचाऱ्यांनी." एकुलती खुर्ची ह्यांना, पंखा ह्यांच्याकडे वळवलेला... आणि मी? मी तिसरा महिना सांभाळत कोपऱ्यात उभी, ह्यांचे बूट हातात धरून.