किंकाळी कोणाची?

भूतबंगल्याचं विचारता, तर बोरी अरबच्या जत्रेतली भुतं मीच बनवली होती, कोणाकडे शिकायला न जाता. मालक म्हणाला, "मावशी, आज बाहेरपर्यंत किंकाळी ऐकू नाही आली, तं उद्या मी नागपूरहून तयार भुतं आणीन."

मी त्याच्या धुराच्या मशीनला हातही लावला नाही. निखाऱ्यांवर ऊद टाकला, डफ वाजवायला माणूस बसवला आणि जावयाला कापसाच्या जटा लावून भूत केलं.

पहिलीच बाई आत गेली आणि अशी किंकाळी आली, की मालक उठून उभा राहिला. मी म्हटलं, "ऐकली ना?"

आम्ही दोघं आत जाऊन पाहतो तर किंकाळी जावयाची. ऊद आणि डफानं त्या बाईच्या अंगात आलं होतं. केस सोडून ती घुमत होती, आणि आमचं भूत तिच्या पाया पडून राह्यलं होतं.

मालक कुजबुजला, "मावशी, हे बाई आपली हाये का?"

"नाही बा."

"मंग भूत कोन?"

तेवढ्यात बाई भानावर आली, केस बांधत म्हणाली, "कायचं भूत? मले तं दिसलंच नाही."

मालक मला म्हणाला, "नागपूर राहू द्या. हे बाई रोज येते का, तेवढं इचारा."