कमळीच्या ओट्यावर मीच कमळी

माझं माहेर वारूळवाडी, आणि दिलं मला महाळुंगे पडवळला, एका भिंतीची दोन घरं, अलीकडं मी, पलीकडं धाकटी जाऊ कमळी, आणि काय सांगू तुम्हाला भाऊ, मला तिचं सगळंच खुपायचं, तिची भाकर फुगायची ते खुपायचं, दीर तिला नारायणगावच्या बाजारातनं बांगड्या आणायचा ते खुपायचं, आमचं ध्यान आणायचं काय, तर खुरपं.

एका साली तिला कावीळ झाली. भिंतीपल्याड कण्हायची, आणि मी ऐकू येऊ नये म्हणून पाट्यावर वरवंटा जोरात घासायचे. गेले न्हाई बघायला. ती उठली, पण तवापासनं माझ्याशी बोलंना.

मग डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्याला नवं नवं आलं व्हतं तवा पुण्याची एक पोरगी आली पाहणीला. सुई न्हाई, गोळी न्हाई, नुसतं विचारायचं, शेजार कसाय, जिवाला बरं वाटतं का, दुखलंखुपलं तर कोण धावतं, म्हणे तब्येतीला हेबी लागतं. घर मात्र दर पाचवंच घ्यायचं. खडूनं आकडा पडला कुणाच्या दारावर? कमळीच्या! उभ्या जन्मात मला कुणी विचारलं न्हाई, बाई तुला बरं वाटतं का, आणि हिला विचारायला पुण्याहून माणूस!

पोरगी आली तवा कमळी कांदे काढायला गेल्ती. मी पदर सावरला, तिच्या ओट्यावर जाऊन बसले, म्हणलं, मीच कमळी.

पोरगी म्हणली, काकू, आजारपणात कोण आलं तुमच्याकडं? म्हणलं, मोठी जाऊ. आणि सुटलेच की मी! मोठी जाऊ म्हणजे दुसरी आई, पेज भरवली, डोकं चेपलं, उशाशी बसून राहिली, एकदाबी तोंड वाकडं केलं न्हाई. पोरगी लिहितीय, मी सांगतेय, माझेच डोळे भरून आले, आणि मागं बघते तर कमळी, डोक्यावर कांद्याची पाटी, कवाची उभी.

पोरगी म्हणली, ह्या कोण? कमळीनं पाटी उतरवली, म्हणली, मी हिची मोठी जाऊ. पोरगी खूश, लई कौतुक केलं तुमचं ह्यांनी. कमळी म्हणली, करंल न्हाई तर काय, पेज मी अशी भरवली की हिला चवच कळली न्हाई. आणि सरळ माझ्या घरात शिरली चहा टाकायला, माझीच साखर मुठीनं घालून.

पोरगी गेल्यावर म्हणलं, खरं का न्हाई सांगितलंस? म्हणली, आक्का, कागदावर गेलंय, आता तुमालाच पुरं करावं लागंल.

करतेय की. ताप आला की पेज नेते, गुडघे चोळते. पण पेज घेऊन निघाले की तिच्या उंबऱ्यापातूर कुरकुरते हो मी. ती कागदावरची मोठी जाऊ न्हाई कुरकुरायची, लई गुणाची बाई. कमळीचं सोडा भाऊ, आता मी तिच्यावर जळते.