अर्जातले जास्तीचे चार लाख

बँकेत माझ्या शेजारी एक नवरा-बायको घराचं कर्ज जुन्या बँकेतून इथे आणायचा अर्ज भरत होते. माझा जप चालू होता. पण कान थोडेच मिटता येतात?

"तिथे बावीस लाख फेडायचे राहिलेत. मग इथे सव्वीस कशाला मागितलेत?"

"फी असते, स्टॅम्प असतो."

"ते सगळं मिळून चाळीस हजार. मी कालच फोन करून विचारलं."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना, म्हणून फोन एकदाच केला."

"अगं, घराला रंग देऊ."

"आपल्या घराला, की भाऊजींच्या दुकानाला?"

"त्याला कशाला मध्ये आणतेस?"

"सकाळी त्यांचाच फोन होता. म्हणाले, वहिनी, उपकार विसरणार नाही. मी म्हटलं, कसले? तर फोनच ठेवला."

"सख्खा भाऊ आहे माझा."

"मागचे दोन लाख नेले तेव्हाही सख्खाच होता."

ती अर्ज घेऊन उठली आणि काउंटरच्या खिडकीशी गेली.

"मॅडम, आकडा बदलायचा असेल तर?"

"खोडा, नवा लिहा आणि शेजारी दोघांनी सह्या करा."

तिने तिथेच खोडलं, लिहिलं, सही केली आणि परत येऊन पेन नवऱ्यापुढे धरलं.

"घरी जाऊन बोलू ना."

"आधी घर आपलं राहू दे. मग घरात बसून हवं तेवढं बोला."